काडतूस कोणते घ्यावे आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बंदुकीच्या काडतुसाचा विषय कशाला, असे काही मंडळींनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. ज्या मुलखाने 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना सरकारी गोळीला बळी पडलेले पाहिले, तिथे बंदुकीची हौस म्हणून कोणी बोलू नये. आम्हीही हौसेसाठी बोलत नाही. आम्ही संघटना चालवतो ती रखवालदारांची. कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यातले कारखाने, बँका, पतपेढ्या, आणि हल्ली उल्हासकाठी उगवलेले फार्महाउस यांच्या फाटकांवर आमची माणसे उभी असतात. त्यांतल्या काहींच्या खांद्याला बारा बोअरची बंदूक असते. दुसरीकडे, गावाबाहेर एकटे घर बांधलेला बंगलेवाला आम्हांला अडवून विचारतो की, परवाना मिळाला, बंदूक घेतली, आता स्वस्तातले काडतूस कोणते घेऊ? हा प्रश्न वरकरणी दुकानदाराला विचारायचा आहे. पण त्याच्या पोटात माणसाच्या जिवाचा आणि मजुरीचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून आम्ही तो इथे मांडतो.

प्रथम बंदुकीचे नाव उलगडून घेऊ. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतल्या एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास. तो भरतो सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअर म्हणजे पौंडात वीस गोळ्या. म्हणजे आकडा मोठा, नळी बारीक. ही उलटी गणती नवख्याला चकवते, आणि त्यातूनच एक भयंकर अपघात होतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते आत घसरते आणि पुढे जाऊन अडकते. वरून पाहिले तर नळी मोकळी वाटते. माणूस मागे बाराचे काडतूस भरतो, घोडा ओढतो, आणि नळी हाताजवळ फुटते. म्हणून वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज पडला आहे. एका घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर त्यांची काडतुसे एका डब्यात ठेवू नयेत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

दुसरी गोष्ट लांबीची. बाजारात 65 मिलिमीटरचे आणि 70 मिलिमीटरचे अशी दोन काडतुसे मिळतात. वडिलोपार्जित दुनळी बंदुकांपैकी पुष्कळांचे घर 65 चे असते. आता गंमत अशी की 70 चे काडतूस 65 च्या घरात मुकाट्याने बसते! कारण 70 हा आकडा बार झाल्यावर उलगडलेल्या नळकांडीचा असतो. भरलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्यामुळे ते आखूड असते. बार होतो तेव्हा ते तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते, वाट अडवते, आणि आतला दाब नळीला सोसवेल त्यापलीकडे जातो. 'बसते' म्हणजे 'चालते' नव्हे. नळीच्या बुडाशी, खालच्या अंगाला, घराची लांबी कोरलेली असते. ती बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून वाचून घ्यावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी. आमच्या एका सभासदाच्या आजोबांची बंदूक अशी 65 ची निघाली, आणि पट्ट्यात मात्र तो पाच वर्षे 70 ची काडतुसे घेऊन फिरत होता. बार काढण्याची वेळ आली नाही, एवढेच त्याचे नशीब.

आता छर्ऱ्याचा आकार. इथेही आकडा मोठा तर छर्रा बारीक. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मापाप्रमाणे एस.जी. म्हणजे औंसात आठ दाणे, एल.जी. म्हणजे औंसात सहा. चार नंबरचे औंसात 170, आणि सहा नंबरचे 270. तीस ग्रॅमचे काडतूस धरले तर एस.जी.चे साधारण आठनऊ दाणे आणि सहा नंबरचे सुमारे 285 छर्रे एका बारात सुटतात. सामान्य समजूत अशी की छर्ऱ्याची बंदूक म्हणजे मासे पकडण्याचे जाळे; नेम धरावा लागत नाही, समोर तोंड करून घोडा ओढला की झाले. ही समजूत घराच्या आत साफ खोटी आहे. चारपाच मीटरवर छर्ऱ्यांचा घोळका तळहाताएवढाच पसरलेला असतो. तळहात नेम धरल्याशिवाय लागत नाही. आणि तेवढ्या अंतरावर बारीक छर्राही एकगठ्ठा जातो व माणसाला ठार करू शकतो. 'बारीक छर्रा आहे, नुसते घाबरवतो' असे म्हणून कोणी माणसावर बंदूक रोखत असेल तर त्याने ती बंदूक आजच पोलीस ठाण्यात जमा करावी.

मग जाड छर्रा घ्यावा काय? दुकानदार बहुधा तोच पुढे करतो. 'साहेब, संरक्षणासाठी एल.जी.च.' पण तुमच्या घराच्या भिंती कशाच्या, हे त्याने विचारलेले नसते. आपल्या वाड्यांतून कुडाच्या भिंती आहेत, चाळींतून फळ्यांचे आडोसे आहेत, बंगल्यांतून प्लायवूडची दारे आहेत, गोठ्याला पत्रा आहे. एस.जी., एल.जी.चा दाणा फळी आणि पत्रा भेदून पलीकडे जातो, आणि पलीकडे आपलेच लेकरू किंवा शेजारी निजलेला असतो. उघड्यावर तर विचारू नका. छर्ऱ्याच्या व्यासावरून त्याचा पल्ला काढण्याचा जुना हिशेब आहे; त्याप्रमाणे सहा नंबरचा छर्रा सुमारे दोनशे मीटर जातो आणि एस.जी.चा दाणा सहाशेच्या पुढे. बाजारपेठेतल्या पतपेढीच्या दारात उभ्या असलेल्या रखवालदाराने एल.जी. सोडले तर चोराला न लागलेला प्रत्येक दाणा रस्त्यावरच्या कोणाचा तरी आहे. आमचे मत असे की दाट वस्तीत आणि घरात चार नंबरच्या आसपासचे मध्यम काडतूस बरे. जाड दाणे ज्याच्यापुढे मोकळे आवार आणि मागे मातीचा बांध आहे त्यानेच बाळगावेत. यावर मतभेद आहेत, सैन्यातून आलेली आमचीच काही मंडळी आमच्याशी वाद घालतात. घालोत.

आता स्वस्ताईकडे वळू. परवानाधारक सामान्य माणसाला मिळते ते बहुतांशी आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे 'शक्तिमान' काडतूस. हा कारखाना 1869 सालचा. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहे. परदेशी काडतूस आणण्याची सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांना असते. सर्वांसाठी ती वाट नाही. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसे हेही लिहिलेले असते. म्हणजे माल थोडा, दुकाने थोडी, मापही बांधलेले. भाव मग चढाच राहणार. तो दर वर्षी बदलतो, म्हणून आकडा सांगत बसत नाही; हिशेबाची रीत सांगतो.

लोक एका काडतुसाची किंमत विचारतात. आम्ही विचारतो, वर्षभरात तुम्ही किती उडवणार? दहा भारी काडतुसे घेऊन ती कपाटात पूजेला ठेवणाऱ्यापेक्षा, त्याच पैशांत हलकी पंधरा घेऊन त्यांतली दहा मैदानावर उडवणारा शहाणा. नेमबाजीच्या ट्रॅप स्पर्धेत, जिथे मातीच्या उडत्या तबकड्या फोडतात, तिथे शिशाचे वजन 24 ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि एका फेरीत 25 तबकड्या असतात. राज्यवर्धन राठोड यांनी 2004 साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, ते भारी दारूच्या जोरावर नव्हे. हलक्या काडतुसाचा खांद्याला दणका कमी बसतो. सव्वातीन किलोची बंदूक आणि 36 ग्रॅमचा बार, असा प्रसंग नवशिक्यावर पहिल्याच दिवशी आणला की तो घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटू लागतो, आणि ही खोड लागली की सुटता सुटत नाही. सराव हलक्या काडतुसाचा करावा. मात्र जे काडतूस पट्ट्यात ठेवायचे त्याचीही चारदोन उडवून पाहावीत, नेम कुठे बसतो ते कागदावर मोजावे. आणि बंदूक खांद्याला लावणे, उघडणे, भरणे, रिकामी करणे हा अर्धा सराव तर नकली काडतुसावर फुकटात होतो.

स्वस्ताईच्या नावाखाली दोन गोष्टी मात्र करू नयेत. एक, रिकामी नळकांडी घरी पुन्हा भरून घेणे. खेड्यांतून हा उद्योग चालत आला आहे; पण परवान्याशिवाय काडतूस भरणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा बाजूला ठेवला तरी अंदाजाने टाकलेल्या दारूचा दाब कोण मोजणार? दुसरी, जुनाट काडतुसांचा मोह. कर्जतचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. चार महिने भिंतीला ओल असते. कागदी नळकांडे फुगते, पितळेला हिरवे चढते. काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात ठेवावीत. चुलीवरच्या माळ्यावर कदापि नको. बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, मग उघडावी.

आता आमच्या मूळ दुखण्याकडे येतो. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) आमचे पाच बंदूकधारी सभासद होते. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, पट्टाही त्यांचा. कंपनीला माणूस नको होता, परवाना हवा होता! आम्ही सरावाचा विषय काढला तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, 'काडतुसे त्यांची, खर्चही त्यांचा.' आम्ही पाचही जणांच्या पट्ट्यातली काडतुसे टेबलावर मांडली. दोघांची हिरवी पडलेली. एकाने परवाना मिळाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, एकही बार काढला नव्हता. का नाही काढला? कारण एका काडतुसाच्या पैशांत घरचे दूध आणि भाजी येते, आणि उडवलेले काडतूस पुन्हा विकत घ्यावे लागते. असा माणूस लाखोंच्या रोकडीपुढे उभा करायचा, त्याच्या हातून भलत्याला लागले तर खटला त्याच्यावर, आणि त्याला लागले तर विधवा त्याची! आम्ही विचारले, यंत्राला तेल कामगाराच्या पगारातून घालता काय? आठ बैठका झाल्या. अखेर ठरले ते असे: वर्षाला माणशी 25 काडतुसे मालकाच्या खर्चाने, सरावाचा दिवस पगारी, आणि दर दोन वर्षांनी पट्ट्यातली काडतुसे बदलून.

खाजगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा केंद्राचा कायदा आहे, रखवालदारांसाठी महाराष्ट्राचा 1981 चा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे शिक्षणही घातले आहे. पण शिकलेला हात चालू ठेवण्याचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्यावे लागते.

बंगलेवाल्यांसाठी कायद्याचे एक कलम सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्यात कलम 34 ते 44 मध्ये आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात घर फोडणाऱ्याविरुद्ध तो हक्क दूरवर जातो हे खरे. पण जरुरीपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मिळण्यास अवसर असेल तर हक्कच उरत नाही. आंबे चोरणाऱ्या पोराच्या किंवा पळणाऱ्याच्या पाठीत छर्रा घालणे हे संरक्षण नव्हे. आमच्या कातकरी-ठाकर बांधवांची वाट तुमच्या कुंपणाजवळून जाते, ती तुमच्या बंगल्याच्या आधीपासून जाते. डुकरांनी पीक नासले तर वनखात्याची परवानगी लागते. रानडुकरासाठी म्हणून रात्री झाडीवर झाडलेला बार माणसाला लागतो. लग्नात हवेत बार काढण्याला 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

तेव्हा बंगल्याला आधी भक्कम दार, अंगणात दिवा, एक कुत्रा, आणि शेजारच्या वाडीशी बोलणेचालणे ठेवा. इतके करून बंदूक ठेवायचीच असेल तर घराची लांबी वाचून, मध्यम छर्ऱ्याची, ताजी काडतुसे घ्या आणि वर्षातून दोनदा तरी मैदानावर जा. आणि बंदूक रखवालदाराच्या हाती देणार असाल तर त्याचा परवाना, त्याचे शिक्षण तपासा, आणि त्याच्या पगाराच्या कागदावर काडतुसांचा रकाना वेगळा पाडा. ज्यांना कराराचा मसुदा हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला भेटावे. चार प्रती बरोबर आणल्या आहेत.