जपणूक आणि जगणे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्याची आम्हांस गरज पडली नाही. मंडळाच्या वर्गणीसाठी आम्ही वर्षानुवर्षे घरोघर हिंडत आलो आहो. पूर्वी एका दारी पाच-सात माणसे भेटत. आता पुष्कळ दारी एकच भेटते, आणि तेही बहुधा सत्तरी ओलांडलेले असते. मुलगा बंगळुरास, मुलगी अमेरिकेत. भिंतीवर नातवंडांचे छायाचित्र आणि टेबलावर औषधांची डबी. अशा घरी चहा घेतल्यावाचून उठू देत नाहीत. त्या आग्रहातच त्या घराची सारी कथा असते.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात साठ वर्षे व त्यांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांतील सर्वच एकटी नाहीत, आणि जी एकटी आहेत ती सर्वच निराधार आहेत असेही नव्हे. कित्येकांनी हे राहणे आपखुशीने पत्करलेले असते. तथापि त्यांच्या मुलाबाळांच्या मनात एक भीती घर करून असते : काही झाले तर? आणि वडीलधाऱ्यांच्या मनात दुसरी भीती असते : काही होण्याआधीच आम्हांस उचलून नेले तर? या दोन भीतींचा मेळ कसा घालावा, हा आजचा प्रश्न आहे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या काकू पुण्यास एका जुन्या पेठेत राहत. वाडा पाडून तेथे इमारत झाली, तरी त्यांनी जागा सोडली नाही. काका वारल्यावर त्या एकट्याच राहू लागल्या. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. आम्ही सर्व पुतणे जमलो, एका बैठकीत निर्णय केला आणि त्यांना ठाण्यास आमच्या घरी आणले. ती बैठक चालू असता काकू शेजारच्याच खोलीत होत्या. त्यांना विचारावे असे आमच्यापैकी एकासही सुचले नाही, हे आज कबूल करताना लाज वाटते.

आमच्या घरी त्यांना कशाची वाण नव्हती. परंतु गॅसपाशी जाऊ नका, जिना उतरू नका, विळीला हात लावू नका, अशा प्रेमाच्या आज्ञांनी त्यांचा दिवस भरून गेला. पहाटे उठून स्वतःचा चहा करणाऱ्या काकू, घरातील माणसे उठण्याची वाट पाहत अंथरुणात बसून राहू लागल्या. तीन महिन्यांत त्यांचे बोलणे कमी झाले, आणि चालणे त्याहून कमी झाले. चालणे सुटले की पायांतले बळ जाते, आणि बळ गेले की पडण्याचा संभव वाढतो, हे आम्हांस पुढे डॉक्टरांनी समजाविले. एके दिवशी काकू शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही मला फार जपता रे, पण जपून ठेवलेली वस्तू आणि माणूस यांत काही फरक आहे की नाही?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. काकू पुण्यास परत गेल्या.

या वेळी मात्र सारी व्यवस्था त्यांना विचारून केली. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसविला. पलंगापासून तेथवर रात्रभर मंद दिवा ठेवला. पायात अडकणाऱ्या सतरंज्या उचलल्या. उठताना क्षणभर पलंगाच्या कडेस बसून मगच उभे राहावयाचे, हा नियम त्यांनी मान्य केला. एक किल्ली शेजारच्या बाईंपाशी दिली, आणि किल्लीचा उपयोग व्हावा म्हणून आतून कडी घालण्याची सवय काकूंनी सोडली. दारातले वर्तमानपत्र त्यांनी सकाळी सातपूर्वी आत घ्यावयाचे. ते बाहेरच दिसले तर शेजारणीने घंटी वाजवावयाची आणि उत्तर न आल्यास दार उघडावयाचे. जुन्या वाड्यात असा करार करावा लागत नसे. नळावर कोणी दिसले नाही की चौक आपण होऊन हाक मारी. चौक गेला, त्याचे काम कोणीतरी ठरवून करावयास हवे होते.

दोन वर्षांनी ती वेळ आली. पहाटे चारच्या सुमारास काकू पडल्या, आणि सातनंतर शेजारीण आत गेली. व्यवस्था उपयोगी पडली असे आम्ही म्हणतो. परंतु ते तीन तास आमच्या मनातून आजही जात नाहीत. स्वातंत्र्याची किंमत शून्य असते असे आम्ही कोणास सांगणार नाही. त्यानंतर रात्रीच्या सोबतीस एक बाई ठेवण्याचे काकूंनीच ठरविले. आम्ही सांगितले असते तर त्यांनी ते मानले नसते. स्वतः ठरविले म्हणून टिकले. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या घरी, त्या शांतपणे गेल्या.

यास अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. स्मृतिभ्रंश होऊन गॅस चालू राहू लागला, ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर घरच्यांनी पुढे झालेच पाहिजे. परंतु तेव्हाही जेवढे त्या माणसाकडून होईल तेवढे त्याच्या हाती राहू द्यावे. आणि परगावी असलेल्या मुलांनी दूरध्वनीवर केवळ ‘औषध घेतले का?’ एवढेच विचारू नये. कधी एखादा सल्लाही विचारावा.

सरकारी सोयी आहेत, त्या माहीत असाव्यात. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर संकटात ११२ लावावा. दूरध्वनीवरून ‘तुम्हांस अटक झाली आहे’ असे सांगून पैसे मागणारा पोलीस नसून ठक असतो. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांस मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर बक्षीस दिले आणि ती अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. म्हणून अट कागदावर लिहून घ्यावी. त्यात संकोच मानू नये.

परंतु कायदा सकाळी सात वाजता दाराशी येऊन वर्तमानपत्र पाहत नाही. ते काम शेजाऱ्यांचे आणि आपल्यासारख्या मंडळांचे. शिष्यवृत्त्या आणि वधूवर-सूचक यांबरोबर हेही आपले कार्य मानावे. त्यासाठी मोठा निधी नको. पुढील वर्षीच्या वर्गणीपत्रकात तीन ओळी वाढवाव्या, एवढीच आमची विनंती आहे : आपण एकटे राहता काय? सकाळी कोणी दूरध्वनी केलेला आपणांस आवडेल काय? आपली दुसरी किल्ली कोणापाशी असते? दूरध्वनी करणारेही शक्यतो ज्येष्ठच असावेत. ज्यास कोणाची खुशाली विचारावयाची असते, तो स्वतःही वेळेवर उठतो. ज्यांस नको असेल त्यांनी तसे लिहावे, आणि आपण ते निमूट मानावे.