‘या बुनय्य’ : कुरआनातील पित्यांची वाणी आणि कुमारवयातील शीलसंस्कार



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना निकाल, पारितोषिके आणि वास्तू यांची मोजदाद सहज होते. या काळात येथून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या अंगी कोणते शील बाणले, याचे प्रगतिपुस्तक मात्र कोणत्याही शाळेला काढता येत नाही. तरीही शाळेची खरी कमाई तीच असते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शीलसंस्काराचा विचार कुरआनाच्या आधारे करण्याचे योजले आहे.

बारा ते पंधरा हे वय मोठे नाजूक. कालपर्यंत शाळेतून आल्याबरोबर दिवसभराची हकीकत सांगणारे मूल या वयात एका शब्दात उत्तर देऊ लागते. त्याचे मित्र बदलतात, आवडीनिवडी बदलतात, खोलीचे दार लागू लागते. वडीलधारे गोंधळतात आणि आवाज चढवतात. त्याने भागले नाही, की धर्माचा धाक दाखवला जातो. देव पाहतो आहे, पाप लागेल, नरकात जाशील, असे बजावले जाते. या धाकाने मूल सुधारते असे नाही. बहुधा ते लपवायला शिकते. धर्मग्रंथाचे नाव निघाले की त्याला शिक्षेची आठवण होते आणि ज्या ग्रंथाने त्याला आयुष्यभर सोबत करायची, त्याच्याशी त्याचे नाते ऐन उमलत्या वयात तुटते. हे नुकसान परीक्षेतील अपयशाहून मोठे आहे.

स्वतः कुरआनातील पिते आपल्या मुलांशी कसे बोलतात, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘या बुनय्य’ हे अरबी संबोधन कुरआनात सहा वेळा येते. ‘इब्न’ म्हणजे मुलगा. ‘बुनय्य’ हे त्याचे लाडके रूप. मराठीत त्याचा भाव ‘अरे बाळा’, ‘माझ्या सोन्या’ अशा शब्दांनीच व्यक्त होईल. सहांपैकी तीन वेळा हे संबोधन हजरत लुकमान यांच्या मुखी आहे. हजरत नूह, हजरत याकूब आणि हजरत इब्राहीम यांच्या मुखी ते प्रत्येकी एकदा येते. चारही प्रसंग गंभीर आहेत, दोन तर जीवनमरणाचे आहेत. तरीही बोलण्याचा आरंभ या मायेच्या शब्दानेच होतो.

यांतील पहिला प्रसंग 31 व्या सूरहमधील आहे. ही सूरह लुकमान यांच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेक भाष्यकारांच्या मते लुकमान हे पैगंबर नव्हते. ते एक ज्ञानी पुरुष होते. एका साध्या बापाचा उपदेश ईश्वरी ग्रंथात कायमचा नोंदला जावा, ही गोष्ट प्रत्येक पालकाला धीर देणारी आहे. या उपदेशाला क्रम आहे. आरंभी एका ईश्वराखेरीज कोणालाही ईश्वरत्व न देण्याची शिकवण येते. लागलीच आईने सोसलेल्या गर्भारपणाची आणि दूध पाजण्याच्या काळाची आठवण देऊन मातापित्यांविषयीच्या कृतज्ञतेचा विषय निघतो. मग मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त येतो : कृत्य त्या दाण्याएवढे लहान असो, ते खडकाच्या पोटात, आकाशात वा धरणीत दडलेले असो, ईश्वरापासून ते लपत नाही. त्यानंतर नमाज, सत्कृत्याचा आग्रह, दुष्कृत्याला विरोध आणि संकटात धीर यांची शिकवण आहे. अखेरीस लोकांपुढे गाल फुगवू नये, तोऱ्यात चालू नये, चाल मध्यम ठेवावी आणि आवाज खाली ठेवावा, असे सांगून लुकमान थांबतात.

एकेश्वरत्वासारख्या थोर तत्त्वापासून निघालेला हा उपदेश चालण्याच्या आणि बोलण्याच्या ढबीपर्यंत येतो, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे. श्रद्धा मनात असते. तिची खूण मात्र वर्गातून बाहेर पडतानाच्या धक्क्यात, शिपायाला मारलेल्या हाकेत आणि आईला दिलेल्या उत्तरात दिसते. शिवाय बहुतेक सूचनांना कारण जोडलेले आहे. कुमारवयीन मुलाचा आवडता प्रश्न ‘का?’ हा असतो. त्या प्रश्नाला उद्धटपणा समजून गप्प करणाऱ्यांनी लुकमान यांची रीत पाहावी. आवाज खाली का ठेवावा, तर सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा असतो म्हणून. हाच नियम मुलाला शिकवताना वडीलधाऱ्याने आरडाओरडा केला, तर उपमा कोणाला लागू पडते, हे मुलाला चटकन कळते.

दुसरा प्रसंग 37 व्या सूरहमधील हजरत इब्राहीम यांचा. त्यांचा मुलगा बापाच्या बरोबरीने कामधाम करण्याच्या वयाला आलेला आहे. आजच्या भाषेत तो कुमारवयात आहे. आपल्याला पडलेले बलिदानाचे स्वप्न पिता त्याला सांगतो आणि तुझे मत काय, असे विचारतो. आज्ञा ईश्वराची आहे आणि ती पाळण्याचा पित्याचा निश्चय आहे. तरीही ज्याच्या जिवाशी गोष्ट निगडित आहे, त्याला विश्वासात घेतल्यावाचून पिता पाऊल उचलत नाही. मुलाच्या उत्तरात संमती आणि धीर दोन्ही आहेत. पुढे ईश्वर त्याच्या जागी दुसरे बलिदान देऊन त्याला सोडवतो, हे सर्वज्ञात आहे. वर्ग कोणता घ्यावा, अभ्यासाची वेळ कोणती असावी, भ्रमणध्वनी किती वेळ हाती असावा, अशा लहानसहान बाबतींत मुलाचे मत विचारणे ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी या एका प्रश्नाचे चिंतन करावे. ज्याचे मत कधी विचारले गेले नाही, त्याला पुढे स्वतःच्या बुद्धीने ‘नाही’ म्हणणेही साधत नाही. वाईट संगतीत तो तसाच ओढला जातो.

तिसरे पिते हजरत याकूब. बालक यूसुफ आपले स्वप्न निःसंकोचपणे बापाला सांगतो, याचाच अर्थ त्या घरात सांगण्याची सोय आहे. पिता त्याला हसत नाही, दटावत नाही. भावांच्या मत्सरापासून सावध राहण्यास सांगतो. 12 वी सूरह जवळजवळ संपूर्ण याच कथेने व्यापली आहे. मत्सर, विहीर, गुलामी, मोह, खोटा आळ, तुरुंग आणि वैभव या सर्वांतून गेलेला यूसुफ अखेर हाती सत्ता असताना भावांना क्षमा करतो. ‘चांगला हो’ असे शंभर वेळा सांगण्याने जे होत नाही, ते अशी एक कथा सावकाश सांगून आणि मध्ये थांबून ‘तू असतास तर?’ असे विचारल्याने होण्याचा संभव अधिक असतो.

घरातल्या या तीन संवादांनंतर वर्गाकडे वळावे. शाळेतील रोजच्या सहवासाला सर्वांत उपयोगी पडणारी सूरह 49 वी, अल्-हुजुरात होय. तिच्या अवघ्या 18 आयतींपैकी काही जणू आठवीच्या वर्गासाठीच उतरल्या आहेत. एकमेकांची चेष्टा करू नये, कारण ज्याची चेष्टा होते तो अधिक चांगला असू शकतो. स्त्रियांनाही हे वेगळे सांगितले आहे. टोपणनावांनी कोणाला हिणवू नये. संशय टाळावा, दुसऱ्याच्या गुपितांची टेहळणी करू नये, पाठीमागे निंदा करू नये. या निंदेला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. ती ऐकताच मुले क्षणभर स्तब्ध होतात. जाड्या, काळ्या, बुटक्या, तोतऱ्या ही नावे वर्गात गंमत म्हणून पडतात आणि ज्याला पडतात त्याच्या मनात चाळिशीपर्यंत टोचत राहतात. याच सूरहमध्ये कानी आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, अन्यथा अजाणतेपणी कोणाची हानी होऊन पस्तावण्याची पाळी येईल. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात एखाद्या मुलीविषयीचा मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी ही आज्ञा आठवली, तर एक घर उद्ध्वस्त होण्यापासून वाचू शकते.

मुलांना हे सारे सांगणाऱ्यांवरही कुरआनाने बंधन घातले आहे. जे स्वतः करत नाही ते का सांगता, हा जाब 61 व्या सूरहमध्ये विचारला आहे. 80 व्या सूरहचा आरंभ तर शिक्षकांनी अंतर्मुख व्हावे असा आहे. पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशांच्या प्रमुखांशी बोलत असताना एक अंध गृहस्थ ज्ञान मिळवण्याच्या ओढीने आले आणि पैगंबरांच्या कपाळावर आठी उमटली. अंधाला ती दिसलीही नसेल. तरी ईश्वराने त्या आठीबद्दल पैगंबरांना समज दिली आणि ती समज ग्रंथात कायम राहिली. परंपरेनुसार ते अंध गृहस्थ म्हणजे अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम; पुढे मदिनेत अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. हुशार आणि वजनदार घरच्या मुलांकडे वळणारी नजर शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे वळली नाही, तर त्या आठीचा हिशेब शिक्षकाकडे राहतो.

17 व्या सूरहमध्ये म्हाताऱ्या आईबापांपुढे ‘उफ्’ एवढा त्राग्याचा उद्गारही काढू नये, असे मुलांना सांगितले आहे. हदीसच्या ग्रंथांत हजरत अनस यांची साक्ष आहे. ते दहाएक वर्षांचे असताना पैगंबरांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. म्हणजे त्यांचे सारे कुमारवय तेथेच गेले. या दहा वर्षांत पैगंबरांच्या तोंडून आपल्यासाठी ‘उफ्’ हा उद्गार एकदाही निघाला नाही, असे ते सांगतात. जो शब्द मुलाला वर्ज्य, तो थोरांनीही मुलासाठी वर्ज्य मानला. आदर मागण्याचा अधिकार अशा आचरणातून येतो.

हे विचारधन एका समाजापुरते राखून ठेवण्याचे कारण नाही. आचार्य विनोबा भावे यांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले आणि त्यातील निवडक वचनांचे सार सिद्ध केले. अमळनेरच्या शाळेत मुलांना मातेच्या मायेने शिकवणाऱ्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्राबाहेरच्या या मराठी शाळेत तर घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात मराठी अशी मुलांची रोजची रीत आहे. भाषांची आणि वर्णांची विविधता ही ईश्वराची खूण असल्याचे 30 वी सूरह सांगते. मानवांची कुळे परस्परांची ओळख पटावी म्हणून निर्माण झाली, असे अल्-हुजुरात सांगते. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या उच्चाराला हसायचे की त्याच्या भाषेतले चार शब्द शिकून घ्यायचे, येथे या शिकवणीची कसोटी लागते.

चौथे पिते हजरत नूह. 11 व्या सूरहमध्ये पर्वतप्राय लाटा उसळत असताना ते दूर उभ्या असलेल्या मुलाला ‘या बुनय्य’ अशी हाक मारून नौकेत बोलावतात. मुलगा ऐकत नाही. आपण डोंगराच्या आश्रयाने वाचू, असे म्हणतो आणि बुडतो. पैगंबराच्याही मुलाने ऐकले नाही, हे कुरआनाने लपवलेले नाही. संस्कार करणाऱ्याच्या हाती परिणामाची हमी नसते, हे दुःखद सत्य त्यात आहे. तरीही सारे बुडत असताना, मूल उलट उत्तर देत असताना, त्या बापाच्या तोंडचे संबोधन बदलले नाही. ज्यांची मुले आज दूर उभी आहेत, अशा पालकांना आणि शिक्षकांना या प्रसंगातून एवढेच घेता येईल : हाक बंद करू नये आणि हाकेतली माया कमी होऊ देऊ नये. ऐकणे मुलाच्या हाती आहे. हाक थोरांच्या हाती आहे.

साठ वर्षे या शाळेने मुलांना हाका मारल्या. पुढील पिढ्यांनाही त्या तशाच मायेने ऐकू येवोत, ही सदिच्छा.