कागद कुठाय?

मागून कोंबडा, ट्रॅक्टर, काहीही ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. हा भाग मी गावी, धावड्यात बसून रेकॉर्ड करतोय. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, आमचा मिरचीचा पट्टा.

विषय आहे निर्वासित आणि विस्थापित मुलांचे हक्क. हे शब्द ऐकले की आपल्याला सीरिया, गाझा, युक्रेन आठवतं. मला गेल्या वर्षीचा एक ट्रॅक्टर आठवतो.

दिवाळी झाली आणि इकडून एक टोळी ऊसतोडीला कोल्हापूरकडे निघाली. त्यात माझा शाळेतला मित्र, त्याची बायको आणि दोन लेकरं होती. मोठी मुलगी चौथीत. मी म्हणालो, "हिला तरी ठेव ना गावात." तो म्हणाला, "कुणापाशी ठेवू? आईला डोळ्यानं दिसंना. अन् आम्ही फडात गेल्यावर धाकट्याला कोण धरील?" मुकादमाची उचल घेतलेली होती. ती फिटायची तर नवरा-बायको दोघांनी राबायला हवं. त्या हिशोबात पोरगीची शाळा कुठेच नव्हती.

महिनाभरानं त्याचा फोन आला. तळाजवळच्या शाळेत गेला होता, तिथे सांगितलं, "दाखला आणा, मग बघू." दाखला धावड्याकडे, पोरगी शेकडो किलोमीटर लांब.

कायद्याच्या भाषेत ही मुलगी निर्वासित नाही. तिनं सीमा ओलांडलेली नाही, तिच्या मागे बंदूक नाही. पण शाळेच्या दारात निर्वासित मुलाला आणि हिला प्रश्न एकच विचारतात: कागद कुठाय?

मग मी त्या रात्री शिक्षण हक्क कायदा उघडला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आपण रोज सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता "मान्य" दाबतो, हा मात्र वाचा. कलम ५ म्हणतं, मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ९: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळतोय हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. म्हणजे मित्रानं शाळेला विनंती करायची गरजच नव्हती.

आता एक गंमत बघा. या कायद्यात बालक म्हणजे कोण? सहा ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. बस. "भारतीय नागरिक" हा शब्द त्या व्याख्येत नाही. संविधानाच्या कलम २१-अ मध्येही "सर्व बालके" असंच आहे.

हे महत्त्वाचं का, तर भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. पण बालहक्क करार आपण १९९२ मध्ये स्वीकारला, आणि त्याचं कलम २२ निर्वासित मुलांबद्दलच आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचलमधल्या चकमांच्या खटल्यात सांगितलं की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालय म्हणालं, आधी सरकारी शाळेत अर्ज करा, नाकारलं तर उच्च न्यायालयात जा. दार उघडलं, पण ठोठावायचं काम पुन्हा मुलांवरच.

मित्राची टोळी ज्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरली, तिथेच याचं एक जुनं उत्तर आहे. गाव वळिवडे. सोव्हिएत सत्तेनं १९४० च्या सुमाराला लाखो पोलिश लोकांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं. पुढे सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे दवाखाना होता, चर्च होतं, स्काउट होते आणि पोलिश भाषेत शिकवणाऱ्या शाळा होत्या. आपण परत कधी जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी पोरांचा अभ्यास चालू होता. पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आज कपडे घ्यायला लोक जातात ते गांधीनगर म्हणजे हीच जागा.

जगात महायुद्ध चालू असताना हे जमलं. मग एका तळावरच्या दहा-बारा पोरांचं का जमू नये?

मी कलम ५ चा फोटो मित्राला व्हॉट्सअ‍ॅप केला आणि त्या गुरुजींशी फोनवर बोललो. ते भांडले नाहीत. म्हणाले, "उद्या पाठवा, सरलवर विनंती टाकतो." पोरगी बसली वर्गात. पण पंचवीस दिवसांनी फड संपला आणि टोळी दुसऱ्या तळावर गेली. पुन्हा नवी शाळा, पुन्हा "दाखला कुठाय?", पुन्हा फोन. आणि धाकट्याला कोण धरणार, याचं उत्तर कलम ५ मध्ये नाहीच. बरेच दिवस तीच धरायची.

म्हणून सांगतो, तुमच्या गावातून टोळ्या जात असतील तर दसऱ्याच्या आधी तीन गोष्टी करा. एक, शाळेत विचारा की यंदा हंगामी वसतिगृह आहे का. पोरं गावातच राहू शकली तर सगळ्यात बरं. दोन, जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी शिक्षण हमी कार्ड मागा. पुढच्या शाळेला त्यावरून मुलाची इयत्ता आणि प्रगती कळते. तीन, तुमच्या गावाजवळ टोळी उतरली तर तळावर जाऊन विचारा, पोरं शाळेत जातात का. कुणी मूल अडचणीत दिसलं तर १०९८ लावा, फुकट आहे.

मित्राची मुलगी आता पाचवीत आहे. काल भेटली, तिला विचारलं, यंदा जाणार का? म्हणाली, "पप्पाला विचारा."

विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही. यंदा मात्र टोळी निघायच्या आधीच मी गावात आलोय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.