पुडीमागील मनोभाव



चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून सुपारी ही उपजीविका आहे, आदरातिथ्य आहे, शुभकार्यातील मानही आहे. म्हणूनच तिला व्यसन म्हणणे येथे कोणाच्याही जिवावर येते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीचीही गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. बंदी मालावर घालता येते, अस्वस्थतेवर नाही.

व्यापारी दिवसभरात तंबाखूची पुडी केव्हा उघडतो, हे पाहण्यासारखे आहे. गिऱ्हाईक दहा ठाण उलगडायला लावून रिकाम्या हाताने निघून जाते तेव्हा. उधारीचा तगादा व्यर्थ ठरतो तेव्हा. भर दुपारी रस्ता ओस पडतो तेव्हा. पहिल्या वेळी मान दुखावतो, दुसऱ्या वेळी भय वाटते, तिसऱ्या वेळी एकटेपण. उतारा मात्र एकच! त्यात फसगत अशी की, रक्तातील निकोटिन उतरू लागले की बेचैनी येते. नवी चिमूट केवळ ती बेचैनी शमवते आणि मनुष्यास वाटते, चिंता शमली. उधारी जागच्या जागी असते. (घरातील मशेरीची गणना तर कोणीच करीत नाही.)

शास्त्रकारांनी मानाला कषाय म्हटले आणि प्रतिक्रमणात दोषाकडे मागे वळून पाहण्यास सांगितले. पच्चक्खाण घेऊन चौथ्या दिवशी मोडणाऱ्याने हे मागे पाहणेच बहुधा वगळलेले असते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. तेथेही औषधांबरोबर समुपदेशनाला आणि मोकळ्या गटचर्चेला स्थान आहे.

आठ दिवस निराळी वही ठेवावी. प्रत्येक पुडीची वेळ आणि आधीचा मनोभाव नोंदवावा. लाजून नोंद गाळू नये. खतावणी झाली की मार्ग दिसू लागतो. भय असेल तर उधारीचे हप्ते बांधून घ्यावेत, एकटेपण असेल तर शेजारच्या पेढीवर जाऊन बसावे, मान दुखावला असेल तर घरी बोलावे. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांस १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.

तोंड पूर्ण उघडत नसेल, किंवा आत पांढरा वा लाल चट्टा असेल, तर मात्र वहीची वाट पाहू नये. प्रथम दंतवैद्य गाठावा.