बर्लिनमधला एक शनिवार आणि दोन वर्षं जुनं खोटं

आजच्या भागात पाहुणा नाही, मुलाखत नाही. मी एकटाच बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले होते, की तू जूनमध्ये बर्लिनला गेला होतास ना, मग त्यावर एक एपिसोड कर. म्हटलं करू. पण नुसतं "हे पाहा, ते पाहा" एवढंच नाहीये. त्या दिवशी एक गोष्ट घडली, जी सांगू की नको यावर मी तीन महिने घालवले. शेवटी ज्याची गोष्ट आहे त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "सांग, पण नाव घेऊ नकोस."

म्हणून खरी नावं नाहीत, हॉस्टेलची नावं. आम्ही चौघं. मी. शेट, जो माझ्यासोबत पुण्याहून आला. बॉस, म्हणजे आमच्या बॅचची मैत्रीण, आता नेदरलँड्सला असते. आणि पंत. पंत बर्लिनमध्ये नोकरी करतो, त्याच्याच घरी आमचा मुक्काम. पंत आणि मी दोघंही मिरजेचे, शाळेपासूनचे.

तर शनिवार सकाळ. बॉसने एक्सेल शीट बनवलेली. तेरा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ. शेट म्हणाला, "ही ट्रिप आहे की स्प्रिंट प्लॅनिंग?"

पहिला धडा स्टेशनवरच मिळाला. बर्लिनच्या मेट्रोला आपल्यासारखी गेट नाहीत. तुम्ही सरळ चालत प्लॅटफॉर्मवर जाता. शेटला वाटलं, तिकीट काढलं म्हणजे झालं. पंत मागून ओरडला, "अरे, शिक्का मार!" मशीनमधून काढलेल्या कागदी तिकिटावर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या पेटीत वेळेचा शिक्का मारावा लागतो. तो नसेल तर तिकीट खिशात असूनही ६० युरो दंड. आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात, ओळखूच येत नाहीत.

आम्ही उतरलो नोर्डबानहोफला. या स्टेशनातच एक छोटं प्रदर्शन आहे, फुकट. विषय आहे 'भुतांची स्टेशनं'. म्हणजे काय, तर शहराचे दोन भाग झाले तेव्हा पश्चिम बर्लिनच्या काही गाड्या पूर्व बर्लिनच्या जमिनीखालून जायच्या. गाडी जायची, पण थांबायची नाही. अंधुक उजेडातले रिकामे प्लॅटफॉर्म आणि त्यावर बंदूकवाले पहारेकरी. विचार करा, तुम्ही शिवाजीनगरहून स्वारगेटला चाललाय आणि मधलं मंडई स्टेशन दिसतंय, पण तिथे अठ्ठावीस वर्षं कुणीच उतरलेलं नाही.

तिथून वर आलं की बर्नाउअर स्ट्रासे. भिंत समजून घ्यायची असेल तर माझं मत, इथेच या. १३ ऑगस्ट १९६१ ला, रविवारी, लोक उठले तर सीमा बंद. या रस्त्यावर गंमत अशी, गंमत कसली, भयानकच, की एका बाजूच्या इमारती पूर्वेत आणि त्यांच्यासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. म्हणजे खिडकीतून उडी मारली की दुसऱ्या देशात. लोकांनी मारल्या. खाली पश्चिमेचे अग्निशमनवाले चादरी धरून उभे असायचे. मग सरकारने त्या खिडक्या विटांनी बुजवल्या.

आम्ही इंजिनिअर, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो बोगद्यांपाशी. भुयारांचे मार्ग जमिनीवर खुणा करून दाखवलेत. १९६४ मध्ये काही विद्यार्थ्यांनी पश्चिमेच्या बाजूने, एका बंद बेकरीच्या तळघरातून १४५ मीटर बोगदा खणला. ऑक्टोबरमध्ये दोन रात्रींत त्यातून ५७ माणसं बाहेर आली. आमच्याच वयाची, खरं तर आमच्याहून लहान मुलं. शेट म्हणाला, "आपण फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत घेतला होता." कुणी हसलं नाही. कारण त्याच मैदानात मेलेल्यांच्या फोटोंची भिंत आहे. बर्लिनच्या भिंतीवर किमान १४० माणसं गेली. काही फोटो लहान मुलांचे आहेत.

दुपारी फलाफल खाल्लं. पाण्याची बाटली घेतली, ती अर्थातच सोड्याची निघाली, सगळ्यांची निघते. पंत म्हणाला, "बाटली टाकू नका, परत दिली की २५ सेंट मिळतात." तोवर शीटमधली चार ठिकाणं गळाली होती. बॉसने शांतपणे फोन खिशात टाकला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दोन स्टेशनं पुढे फ्रीडरिशस्ट्रासे. स्टेशनाला लागूनच एक काचेची इमारत आहे. १९६२ मध्ये पूर्वेतून पश्चिमेत जाणाऱ्यांसाठी बांधलेला हॉल. लोकांनी त्याला नाव दिलं ट्रेनेनपालास्ट, म्हणजे अश्रूंचा महाल. पश्चिमेतले नातेवाईक भेटायला यायचे, आणि परत जाताना इथे निरोप. आतल्यांना त्या दारापुढे जाता यायचं नाही. पूर्वेतल्या निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांना १९६४ पासून जायची परवानगी मिळाली, तरुणांना सहजासहजी नाहीच. आत पासपोर्ट तपासायचा मूळ बूथ अजून आहे. अरुंद बोळ, एका वेळी एकच माणूस, बाजूला अधिकाऱ्याची खिडकी.

पंत त्या बोळात उभा राहिला. म्हणाला, "मी रोज इथे ट्रेन बदलतो. आत पहिल्यांदा आलोय."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "मुंबईला आई एअरपोर्टच्या काचेबाहेरच थांबते. तिकीट नाही म्हणून आत सोडत नाहीत. मी आत जाऊन वळून बघतो, तर ती भलत्याच माणसाला हात करत असते."

आम्ही हसलो. तो नाही हसला. म्हणाला, "इथल्या लोकांना निदान दिसायचं तरी, कोण अडवतंय ते. माझ्याकडे पासपोर्ट आहे, व्हिडिओ कॉल आहे, सगळं आहे. आणि बाबांचं ऑपरेशन मला आठ दिवसांनी कळलं."

मंडळी, इथे मला तुम्हाला मागे न्यायला लागेल. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, पंतच्या बाबांना हार्ट अटॅक आला. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम घेऊन मिरजेत होतो. काकूंनी पहिला फोन मला केला. अँजिओप्लास्टी झाली, मी दोन रात्री हॉस्पिटलमध्ये होतो. काका शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य काय? "त्याला सांगू नको रे. तिकडं एकटा आहे, जिवाचं रान करत येईल." मी म्हटलं, "बरं काका."

त्याच रात्री पंतचा मेसेज आला, मॅचबद्दल. मी कॉरिडॉरमध्ये बसून हसणाऱ्या इमोजी पाठवल्या. आठ दिवसांनी काकूंनी त्याला सांगितलं. त्याने लगेच मला फोन केला, "तुला माहीत होतं?" आणि मी म्हणालो, "नाही रे, मलाही आत्ताच कळलं."

पहिलं लपवणं काकांच्या शब्दाखातर होतं. हे दुसरं मात्र पूर्ण माझं होतं. स्वतःला वाचवायला.

त्यानंतर पंत घरी गेलाच नाही. कारणं असायची, रिलीज आहे, व्हिसाचं काम आहे. मी कधी खोदून विचारलं नाही, कारण मला विचारायची भीती वाटायची.

बाहेर आलो. शेट आणि बॉस कॉफी आणायला गेले. नदीकाठी मी त्याला सांगितलं. सगळं.

त्याने एकच प्रश्न विचारला. "मॅचवर बोलत होतास तेव्हा कुठे होतास?"

"कॉरिडॉरमध्ये."

तो उठला आणि चालायला लागला.

पुढचा दीड तास फार वाईट गेला. ब्रँडेनबर्ग गेटला फोटो काढले, त्यात आम्ही दोघं दोन टोकांना आहोत. तिथून जवळच मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, २,७११ काँक्रीटचे ठोकळे, २००५ मध्ये खुलं झालेलं. कडेला ठोकळे गुडघ्याएवढे, आत शिराल तसे डोक्याच्या वर जातात, जमीनही वरखाली होते. तिथे स्वतःचं भांडण डोक्यात घेऊन फिरायची मला लाज वाटली. आणि एक विनंती, त्या ठोकळ्यांवर चढून रील बनवू नका. लोक बनवत होते.

साडेसहाला आमचं राइशटागच्या घुमटाचं बुकिंग. जर्मनीच्या संसदेवरचा हा काचेचा घुमट नॉर्मन फॉस्टर यांनी डिझाइन केलाय, १९९९ मध्ये खुला झाला. आत गोल गोल चढत जाणारा रस्ता आहे. प्रवेश फुकट, पण नाव आणि जन्मतारीख देऊन आधी नोंदणी करावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो.

माझा पासपोर्ट घरी, दुसऱ्या जॅकेटमध्ये. चूक शंभर टक्के माझी.

मी म्हटलं, "तुम्ही जा, मी इथे बसतो." बॉस आणि शेट आत गेले. पंत रांगेतून बाहेर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला काय, मी कधीपण येऊ शकतो."

समोरच्या हिरवळीवर बसलो. बराच वेळ गप्प. मग तो म्हणाला, "राग तुझा नाही, असं म्हणणार नाही. आहे. पण मी घरी का जात नाही माहितीये? मला वाटतं, मी गेलो की ते आनंदी चेहरा करून बसणार, आणि मला कळणारच नाही काय खरं, काय खोटं."

मी म्हटलं, "यापुढे मी सांगेन. त्याच रात्री. काकांनी शपथ घातली तरी."

"फोनवर सांगायचं. मेसेज नाही."

"फोनवर."

भारतात दहा वाजले होते. त्याने काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका बातम्या बघत होते. पंतने थेट विचारलं, "बाबा, गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाकिटं दाखवा." काका म्हणाले, "अरे, जेवलास का आधी सांग." पण उठून डबा घेऊन आले, आणि एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. चष्मा नव्हता, त्यामुळे अर्धी उलटी धरली. पंतने एकेक नाव लिहून घेतलं.

शेट आणि बॉस खाली आले. शेट म्हणाला, "वरून तुम्ही दोघं मुंग्यांएवढे दिसत होतात." तेरापैकी पाच ठिकाणं झाली होती.

तर पंत दिवाळीला येतोय का? तिकीट अजून काढलेलं नाही, मी सारखं विचारत नाही. पण दर रविवारी तो काकांकडून बीपीचा आकडा घेतो, आणि मग मला फोन करून विचारतो, "खरा आहे का रे?" मी मिरजेत असलो की मशीन घेऊन जाऊन स्वतः बघतो, आणि जो येईल तोच सांगतो. मागच्या वेळी जास्त होता. जास्त सांगितला.

तुमच्यापैकी कितीतरी जण घरापासून लांब आहात, कुणी बंगळुरूला, कुणी टोरांटोला. आणि कितीतरी जण गावात राहून कुणा मित्राच्या आईवडिलांचं बघताय. तुम्हाला कुणी म्हणालं, "त्याला सांगू नको," तर निदान त्यांच्याशी वाद घाला. मी घातला नव्हता.

आणि बर्लिनला गेलात तर तीन गोष्टी: तिकिटावर शिक्का मारा, घुमटाचं बुकिंग आधी करा, पासपोर्ट जॅकेटमध्ये विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, घरी फोन करा.