नोकरी सरकारी, एजन्सी घरची
(इंदूर येथे आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, हिशेब शाखेत, माझी सगळी नोकरी झाली. पगार बेताचा, मुलं शिकणारी. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी विम्याची एजन्सी घेतली.

१९६४ च्या केंद्रीय आचरण नियमांतला पंधरावा नियम सांगतो की पूर्वपरवानगीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी करायची नाही. घरच्या कुणाची विमा एजन्सी असेल तर ते सरकारला कळवायचं, आणि तिच्यासाठी गिऱ्हाइकं आपण शोधायची नाहीत. मी कळवलं आणि निर्धास्त झालो.

एके दिवशी एका ठेकेदाराने घरी येऊन हिच्याकडून मोठी पॉलिसी घेतली. त्याच आठवड्यात त्याचं बिल माझ्या टेबलावर आलं. मी ते पुढे पाठवलं. रात्री मात्र झोप लागेना. एरवी मी मेजरमेंट बुक उघडून आकडा न् आकडा ताडून पाहत असे. त्या दिवशी पाहिला होता का, हेच आठवेना!

ही म्हणाली, "अहो, तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत." खरंच होतं. पण कमिशन ज्या घरात आलं, त्याच घरात मी जेवत होतो.

सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. बिल दुसऱ्याने तपासलं; बरोबर निघालं. तरी त्या ठेकेदाराचे कागद पुढे माझ्याकडे येऊ नयेत, असं मीच मागून घेतलं. काही दिवस कुजबुज झाली, ती सोसली. लाच घेणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असतं. हितसंबंधात आपला काटा कधी झुकला, ते आपल्यालाच कळत नाही.

इथे बरेच नोकरदार बसले आहेत. नाटक, कविता असं प्रासंगिक काम किंवा मानद समाजसेवा करायला, नोकरीच्या कामात खंड पडत नसेल तर, या नियमाची आडकाठी नाही. पण मंडळाचं निवडून आलेलं पद घ्यायचं तर केंद्रीय कर्मचाऱ्याला आधी मंजुरी लागते. ती घ्या.

आणि मंडळापुरतं एवढंच : मांडवाचा ठेका ज्याच्या भावाकडे, त्याने मांडवाच्या बिलावर सही करू नये. भाऊ कितीही सज्जन असो!

गणपती बाप्पा मोरया!