आलिशान मोटारीची जबानी



ज्या व्यासपीठावरून वेदान्तापासून परराष्ट्रनीतीपर्यंतच्या गहन विषयांचा ऊहापोह होत आला, त्यावर उभे राहून दुसऱ्याने वापरलेली मर्सिडीज घ्यावी की न घ्यावी याचे विवेचन करणे, हा काही श्रोत्यांना मर्यादाभंग वाटण्याचा संभव आहे. परंतु नव्या लहान मोटारीच्या किमतीत दहा-बारा वर्षांपूर्वीची आलिशान जर्मन मोटार आज मिळू लागली आहे, आणि आयुष्यात घराच्या खालोखाल मोठा व्यवहार मध्यमवर्गीय मनुष्य जर कोणता करीत असेल तर तो मोटारीचाच, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाला क्षुल्लक म्हणवत नाही. शिवाय १९९५ साली टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, आणि पुढे २००७ च्या सुमारास त्या वेळच्या औरंगाबादजवळ ऑडीही तयार होऊ लागली. तेव्हा महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना या गाड्या अगदीच परक्या नाहीत.

विश्वासार्हतेचा प्रश्न निघाला की पहिली पृच्छा हटकून अशी येते, की ‘कंपनी कोणती चांगली?’ या पृच्छेला उत्तर देणारी साधने जगात आहेत. जर्मनीत ए.डी.ए.सी. ही मोटारधारकांची संस्था रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्यांची आकडेवारी १९७८ पासून प्रसिद्ध करीत आली आहे, आणि सक्तीची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थांचे अहवालही तेथे दरवर्षी निघतात. ते जरूर पाहावेत. परंतु त्या देशात नव्या मोटारीला तिसऱ्या वर्षी आणि तदनंतर दर दोन वर्षांनी तपासणीच्या चौथऱ्यावर चढावेच लागते. आपल्याकडे मात्र खासगी मोटारीला नोंदणीपासून पंधरा वर्षे धुराच्या प्रमाणपत्राखेरीज कोणत्याही सरकारी यांत्रिक परीक्षेस बसावे लागत नाही. म्हणजे त्या दीड दशकाच्या काळात गाडीची प्रकृती ही सर्वस्वी मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर आणि त्याच्या खिशावर सोपवलेली असते. परदेशी आकड्यांवरून एखाद्या मॉडेलचा सर्वसाधारण कल कळेल. आपल्यासमोर धुऊन-पुसून उभ्या असलेल्या एका विशिष्ट गाडीचे पूर्वचरित्र कळणार नाही, आणि पैसे तर आपण त्या एकाच गाडीचे मोजणार असतो.

या अज्ञानाची शास्त्रशुद्ध मीमांसा जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका लहानशा निबंधात केली. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेल्या या निबंधाला पुढे असे यश आले, की २००१ साली त्याच्या कर्त्याला अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे: विकणाऱ्याला गाडीचे खरे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सरासरी गाडीचीच किंमत देऊ करतो, ती किंमत ज्याची गाडी उत्तम आहे त्याला परवडत नाही, सबब तो बाजारातून निघून जातो, आणि असे होता होता बाजारात नासक्या मालाचे प्रमाण वाढत जाते. अकेरलॉफ १९६७–६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होता, आणि त्याच्या निबंधात मोटारींच्या जोडीला हिंदुस्थानातले सावकारही उदाहरणादाखल आले आहेत. गावचा सावकार ज्याला निर्धास्तपणे कर्ज देई त्याला बाहेरचा मनुष्य का देऊ शकत नसे, तर सावकाराला ऋणको घरोब्याने माहीत असे आणि बाहेरच्याला नसे. माझ्या मते जुनी मोटार घेणाऱ्याने करावयाचे काम नेमके हेच आहे: बाहेरच्याने अल्पावधीत सावकाराइतकी माहिती गोळा करणे.

आता आलिशान मोटारीचाच वेगळा विचार का, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण तिच्या घसाऱ्यात आहे. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकाप्रमाणे कोणतीही गाडी पाचव्या वर्षाच्या अखेरीस निम्म्या किमतीची धरली जाते. आलिशान गाडीला बाजार पुष्कळदा तेवढीही दया दाखवीत नाही. परंतु गाडीची किंमत साठ लाखांवरून बारा लाखांवर आली, तरी तिचे ब्रेक, तिचे हवेचे सस्पेन्शन आणि तिचा गिअरबॉक्स हे साठ लाखांच्या गाडीचेच राहतात, आणि त्यांचे सुटे भाग त्याच भावाने येतात. पहिल्या मालकाने वॉरंटीत सर्व काही शोरूममध्ये करून घेतलेले असते. दुसरा मालक प्रत्येक बिलाकडे साशंकतेने पाहू लागतो. आणि तिसऱ्याच्या हाती गाडी येते तेव्हा देखभालीच्या नावाखाली बहुधा धुलाई आणि पॉलिश एवढेच उरते. बी.एम.डब्ल्यू.सारख्या कंपन्यांनी गिअरबॉक्समधील तेल जन्मभर पुरेल असे सांगितले, तेव्हा त्या जन्माची लांबी कोणी विचारली नाही. मात्र तेच गिअरबॉक्स बनवणारी झेड.एफ. ही कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर अथवा आठ वर्षे झाल्यावर तेल बदलण्याची शिफारस करते. ज्या जुन्या गाडीच्या बिलांत हे तेल बदलल्याची नोंद सापडते, तिचा मालक साक्षेपी होता असे मी निःशंकपणे म्हणेन. साध्या इंजिन ऑइलची पावती काय, कोणाकडेही निघते.

प्रत्येक घराण्यात काही आनुवंशिक व्याधी असतात, तशा या गाड्यांच्या कुळांतही आहेत, आणि त्या जाणून घेतल्याशिवाय पाहणीस जाणे व्यर्थ होय. बी.एम.डब्ल्यू.चे एन ४७ हे २००७ साली आलेले डिझेल इंजिन घ्या, जे ३२० डी आणि ५२० डी या आपल्याकडे विपुल खपलेल्या गाड्यांत होते. याची टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूस नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. २०११ पर्यंतच्या पुष्कळ इंजिनांत ती किंवा तिचे मार्गदर्शक पट्टे झिजून तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या, आणि ती बदलायची तर इंजिन अथवा गिअरबॉक्स उतरवल्यावाचून गत्यंतर नसते. ऑडीच्या त्याच सुमारच्या दोन लिटर पेट्रोल इंजिनात पिस्टनच्या रिंगा अशा होत्या, की ते इंजिन ऑइल पिऊ लागे. अशा गाडीच्या मालकाने डिकीत ऑइलचा अर्धा डबा ठेवलेला आढळला, तर तो केवळ त्याच्या दूरदृष्टीचा पुरावा समजू नये. मर्सिडीजच्या एम २७२ या सहा सिलिंडरी इंजिनाच्या आरंभीच्या मालिकेत बॅलन्स शाफ्टचे दात मऊ धातूचे निघाले. आणि २००२ साली आलेल्या ई-क्लासमध्ये ब्रेक दाबण्याचे काम विजेच्या पंपाकडे सोपवण्याचा जो धाडसी प्रयोग झाला, त्यापायी कंपनीला २००४ आणि २००५ मध्ये लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ मध्ये ती योजनाच गुंडाळावी लागली. त्या पंपाच्या आत ब्रेक किती वेळा दाबला याची मोजदाद करणारा गणक आहे. विक्रेता पंपाविषयी काहीही म्हणो, गणक वाचून घ्यावा. यातील एकाही व्याधीमुळे गाडी त्याज्य ठरत नाही. चेन बदलली आहे काय, कोणी बदलली, बिल कोठे आहे, एवढे विचारण्याचा अधिकार मात्र आपल्याला प्राप्त होतो.

येथून पुढे पाहणीची जी रीत मी सांगणार आहे, ती मोटारशास्त्रातून नव्हे, तर इतिहाससंशोधनातून घेतली आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली काढला, तेव्हापासून आपल्याकडे अस्सल कागद कोणता आणि बनावट कोणता हे ठरवण्याची जी शिस्त रुजली, तिचे सार असे, की एकमेकांशी संगनमत करू न शकणाऱ्या दोन साक्षींची रुजवात घालावी. मोटारीतही अशा साक्षी पुष्कळ आहेत आणि खोटे बोलणाऱ्याला त्या सर्वांना फितवणे जमत नाही.

मीटर मागे करणे ही आपल्या बाजारातील जुनी कला आहे. २०१४ च्या गाडीचे मीटर ३५ हजार दाखवीत आहे, ठीक आहे. आता टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ मधला बत्तिसावा आठवडा. चारही टायर २०२१ चे आणि तेही झिजत आलेले असतील, तर पहिला संच कोठे व कशाने संपला, याचा जबाब मीटरला देता येत नाही. चालकाच्या आसनाची बाहेरची कड, स्टिअरिंगचे गुळगुळीत झालेले चामडे, ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, ब्रेकच्या तबकडीच्या काठाशी उभी राहिलेली धार, यांची वये परस्परांशी आणि मीटरशी जुळली पाहिजेत. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा तारीख असते. ती गाडीच्या जन्मानंतरची निघाली, तर पट्टा का बदलला हे विचारावे, कारण पट्टा सहसा अपघाताखेरीज बदलत नाही. शिवाय या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाच ठिकाणी नसते, बी.एम.डब्ल्यू.च्या अनेक गाड्यांत ती किल्लीतसुद्धा जाते, आणि मीटर मागे करणारे कारागीर किल्लीला विसरतात. अधिकृत शोरूममधील सर्व्हिसचा इतिहास आणि विम्याची जुनी कागदपत्रे ही तर स्वतंत्र दफ्तरेच होत. विम्याच्या पॉलिसीवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस असेल, तर सलग पाच वर्षे त्या मालकाने दावा केलेला नाही एवढे सिद्ध होते. गाडी ठोकली गेली नाही एवढे मात्र सिद्ध होत नाही, कारण बोनस वाचवण्यासाठी गुपचूप डेंटिंग-पेंटिंग करून घेणारे महाभाग थोडे नाहीत.

त्यांच्यासाठी रंगाची जाडी मोजणारे उपकरण आहे. कारखान्याचा रंग साधारणतः ८० ते १५० मायक्रॉन भरतो. एका दारावर १२० आणि शेजारच्यावर ५०० आले, तर तेथे पुट्टी बसली आहे हे सांगण्यास पंचांची गरज नाही. अर्थात आपल्या शहरांतून दहा वर्षे फिरलेल्या गाडीचे एकही दार रंगले नसेल, तर मला उलट त्याचेच नवल वाटेल. दार आणि बोनेट यांना क्षमा असावी. छप्पर आणि दारांमधले खांब यांवर दुसरा रंग आढळला, तर मात्र तेथेच नमस्कार करून परतावे.

संगणकाची साक्ष याहून सूक्ष्म आहे. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर ‘दोष नाही’ असे उमटते आणि घेणारा संतुष्ट होतो. परंतु दोषनोंदी पुसल्या, की गाडी स्वतःवर करीत असलेल्या तपासण्यांचे निकालही कोरे होतात, आणि ते पुन्हा भरण्यास वेगवेगळ्या प्रकारचा काही दिवसांचा प्रवास लागतो. दोष शून्य आणि तपासण्या अपूर्ण, असे दोन्ही एकत्र दिसले तर बॅटरी नुकतीच काढली होती काय, एवढीच एक निर्दोष शंका शिल्लक राहते. ती फिटल्यावर जे उरते ते कोणीतरी पाटी कालच पुसल्याचे चिन्ह.

जलप्रलयातून आलेल्या गाडीविषयी थोडे सविस्तर बोलणे प्राप्त आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत तेच झाले. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी भंगारातच जाते असे नाही. ती लिलावात जाते, वाळते, सुगंधित होते, आणि दूरच्या एखाद्या गावी पुन्हा बाजारात उभी राहते. साध्या गाडीला यातून सावरता येते. आलिशान गाडीला येत नाही, कारण तिचे नियंत्रक गालिच्याखाली, आसनाखाली आणि डिकीच्या कोपऱ्यात बसवलेले असतात. त्यांच्या तांब्याच्या पायांवर हिरवट बुरशी चढण्याचे काम महिनोन् महिने सावकाश चालू राहते, आणि एके दिवशी गाडी आपोआप काचा खाली करू लागते. म्हणून गालिचा उचलावा, आसनाचे लोहमार्ग गंजले आहेत काय ते पाहावे, आणि सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेषा दिसते काय ते निरखावे. धुलाईवाला तेवढा पट्टा कधी ओढत नाही.

चालवून पाहण्याच्या बाबतीत माझे सांगणे एवढेच, की इंजिन रात्रभर थंड राहिलेले असावे. आपण पोहोचण्यापूर्वीच बोनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणावे; चेनची खडखड आणि निळा धूर हे पहाटेचेच अतिथी आहेत. हवेच्या सस्पेन्शनची गाडी रात्रीतून एका कोपऱ्यात खचलेली दिसते काय, हेही त्याच वेळी कळते.

कागदपत्रांवर वेळ घालवीत नाही, कारण कर्जाचा बोजा उतरला आहे काय आणि चासीवर कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो काय, हे आर.टी.ओ.च्या दफ्तरातून कोणासही पडताळता येते. दिल्लीच्या गाडीविषयी मात्र सावधगिरीचा इशारा. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना तेथे राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि पुढे तिच्यात फेरबदल होत राहिले. या काळात तिकडच्या सुस्थितीतल्या गाड्या स्वस्तात अन्य प्रांतांत आल्या. त्यांतल्या काही खरोखर उत्तम असतात. परंतु ना हरकत प्रमाणपत्र, येथला कर आणि पुनर्नोंदणी यांचा हिशेब किमतीत धरावा, आणि नवा क्रमांक पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

शेवटी कायद्याची एक बाजू, जी घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या सोळाव्या कलमान्वये व्यापाऱ्याने विकलेला माल विक्रीयोग्य प्रतीचा असावा अशी गर्भित अट असते. परंतु घेणाऱ्याने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत उघड व्हायला हवे होते अशा दोषांपुरते हे संरक्षण त्याला मिळत नाही. अर्थात बोनेट उघडून दोन मिनिटे मान डोलावणाऱ्याची स्थिती काहीच न पाहणाऱ्याहून वाईट होऊ शकते. यावर उपाय असा, की पाहणी केल्यास स्वतंत्र मेकॅनिककडून लेखी करून घ्यावी, आणि विक्रीच्या करारात तीन वाक्ये विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्यावीत: गाडी पुरात बुडालेली नाही, मीटरमध्ये फेरफार झालेला नाही, आणि तिचा टोटल लॉसचा दावा कधी झालेला नाही. ही वाक्ये पुढे मांडल्यावर विक्रेत्याने लेखणी उचलली, की पाकिटातून दुसरी प्रत काढावी आणि तीही त्याच्याच समोर भरून घ्यावी.